सेल्फ-रिस्पेक्ट आणि बाजारातली जागा

सेल्फ-रिस्पेक्ट हा शब्द आमच्या घरात माझ्या धाकट्या दिरासोबत आला, एका दिवाळीत, वर्ध्याहून. त्याआधी आमचं त्याच्यावाचून काही अडत नव्हतं. कोणी फुगलं तर आम्ही फुगलं म्हणायचो, रुसलं तर रुसलं म्हणायचो, आणि कोणाच्या डोक्यात हवा गेली असेल तर ती कोणत्या गावाहून आली हेही सगळ्यांना माहीत असायचं. प्रत्येक रोगाला वेगळं नाव होतं. औषध मात्र एकच होतं आणि ते आईंकडे असायचं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या रुसलेल्या माणसापुढे ताट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जेवाचं असंल तं जेव, नाई तं मांजर हाय." बहुतेक लोक जेवत.

दीर वर्ध्याला एका पतसंस्थेत शाखा व्यवस्थापक आहेत. त्यांच्या संस्थेनं सगळ्या व्यवस्थापकांना व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला पाठवलं होतं. तिथं एका कोटातल्या माणसानं त्यांना आरशासमोर उभं केलं, डोळ्याला डोळा लावायला सांगितलं आणि स्वतःलाच नमस्कार करायला लावला. भाऊजींनी तो नमस्कार इतका मनापासून केला की अजून त्यांचे हात पुरते खाली आलेले नाहीत.

मी सेलूला एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. नवा शब्द घरात आला की तो तपासून घ्यावा, या हिशेबानं मी आमच्या कपाटातला शब्दकोश काढला. अर्थ अगदी साधा निघाला: स्वाभिमान, आत्मसन्मान, स्वतःबद्दल स्वतःला वाटणारा आदर. वापराबद्दल मात्र त्यात काही नव्हतं. वापर मी भाऊजींकडून शिकले.

एका लग्नाचं बोलावणं त्यांना फक्त फोनवर आलं, घरी येऊन कोणी अक्षता दिल्या नाहीत. सेल्फ-रिस्पेक्ट आडवा आला, म्हणून ते लग्नाला गेले पण पहिल्या पंगतीला बसले नाहीत. दुसऱ्या पंगतीला बसले, कारण पहिल्या पंगतीत त्यांना कोणी आग्रहच केला नव्हता. सासुरवाडीला, हिंगणघाटला, पाण्याचा पेला ताटलीशिवाय आला, तर सेल्फ-रिस्पेक्ट. शेतातून येताना आमच्या ह्यांनी सांबाराच्या दोन जुड्या त्यांच्या गाडीत ठेवल्या, तर कोथिंबिरीच्या वासानं सेल्फ-रिस्पेक्ट. जुड्या नेल्या, पण डिक्कीत, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. मी लक्ष ठेवून पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात आली. भाऊजी एकटे असताना त्यांचा सेल्फ-रिस्पेक्ट दुखावल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही. दुखायला त्याला समोर निदान दोन माणसं लागतात.

आमच्या ह्यांना मी हे सांगितलं. ते मिरचीच्या रोपांना पाणी देत होते. ते म्हणाले, "लहानपणीबी असाच होता. तवा शब्द नव्हता म्हणून लोकं मारत."

इथवर ठीक होतं. घरात एखादं माणूस असतंच तसं, आणि वर्धा काही रोज येण्याइतकं जवळ वाटत नाही. पण मग हा शब्द आईंच्या जागेवर येऊन बसला.

जागा म्हणजे काय ते सांगते. आमच्या घरची भाजी असते: वांगी, टमाटे, पालक, सांबार. मोठा माल हे गाडीत टाकून ठोक बाजाराला नेतात. निवडक वांगी आणि थोडी पालेभाजी आई आठवडी बाजारात बोरा, म्हणजे गोणपाट, टाकून विकतात. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूच्या शेजारी बसायच्या, सासू गेल्यावर मधे सरकल्या. जागेचा कागद कोणाकडेच नसतो. नगरपंचायतीचा माणूस पावती फाडतो ती त्या दिवशी बसल्याची. जागा ज्याची त्याची आहे हे फक्त आजूबाजूच्यांना माहीत असतं, आणि त्याचा नियम सगळा बाजार पाळतो. घरचं कोणीही येऊन बसलं तरी जागा राहते. आईंचा हात मोडला होता तेव्हा हे जाऊन बसले होते आणि वांगी फार स्वस्त दिल्याबद्दल बोलणी खाऊन आले होते. जागा जाते ती एकाच रीतीनं. बसणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं, शेजाऱ्यांच्या देखत म्हणायचं, आता मी नाही बसत. एकदा म्हटलं की संपलं. एक लसूणवाला असाच एकदा नगरपंचायतीच्या माणसाशी भांडताना रागात म्हणून गेला, "जाय, नाई बसत मी इथं." पुढच्या बाजाराला तिथं चपलांचा ढीग होता. लसूणवाला आता पार टोकाला मुतारीजवळ बसतो आणि गंमत केली होती असं अजून सांगतो.

आईंना ही जागा का हवी असते, याबद्दल गैरसमज नको. त्यांना कष्टाचं वगैरे प्रेम नाही. शेतात निंदायला चला म्हटलं की त्यांची कंबर धरते. पण बाजार हा त्यांचा दरबार आहे. कोणाच्या मुलीची सोयरीक मोडली, कोणत्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कोण गेलं आणि जाताना काय म्हणालं, हे सगळं त्यांच्या बोऱ्यावर येतं आणि तिथून पुढे जातं. तिथं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला बोलू शकतात. घरात त्या कोणाला बोलणार? मी सकाळी शाळेत जाते, हे शेतात असतात. हात मोडून घरी होत्या तेव्हा अंगणात खाट टाकून रस्त्यानं जाणाऱ्या माणसांना थांबवून विचारायच्या, "कितीनं आणले रे वांगे?" भाव ऐकून त्यांना राग यायचा, पण तो राग काढायला समोर गिऱ्हाईक नसायचं. त्या दिवसांत त्या खरंच सुकल्या. बाजार सुरू झाला तशा पुन्हा भरल्या.

तर एका बाजाराला एक साहेब आईंच्या बोऱ्यासमोर बसले आणि एकेक वांगं अंगठ्यानं दाबून पाहू लागले. आई थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ओ दादा, वांगं हाय ते, लोणी नाई. अंगठा काहाड."

साहेबांनी अंगठा काढला, वांगी घेतली आणि गेले. ते भाऊजींच्या संस्थेच्या मुख्य कार्यालयातले मोठे साहेब होते, सेलूच्या शाखेच्या तपासणीला आलेले, हे आम्हाला महिनाभरानं कळलं. भाऊजींनी वर्ध्याला नवीन फ्लॅट घेतला, त्याचं जेवण होतं. आम्ही सगळे गेलो होतो. साहेब आत आले, सोफ्यावर बसलेल्या आईंकडे पाहिलं आणि हात उंच करून ओरडले, "अरे! या तर माझ्या वांगीवाल्या आजी!"

आईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमीच होय ते अंगठेवाले?"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी तो किस्सा प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगितला, दर वेळी आईंचा आवाज काढून. भरलं वांगं तीनदा मागून घेतलं. जेवणात सगळ्यात खूश तेच होते. भाऊजी पाणी वाढत होते आणि त्यांचा चेहरा असा होता, जसं कोणी त्यांच्या फ्लॅटमध्ये म्हैस आणून बांधली आहे.

पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात भाऊजी आईंना म्हणाले, "आई, आता बस झालं. पुढच्या बाजारापासून बसायचं नाही."

"काऊन?"

"काऊन काय? माझा काही सेल्फ-रिस्पेक्ट आहे की नाही?"

"असंल बाप्पा," आई म्हणाल्या. "पण थो माह्या बोऱ्यावर काऊन येऊन बसला?"

भाऊजींनी मग आवाज मऊ केला. घरात काय कमी आहे, टीव्ही आहे, नातवंडं आहेत, या वयात उन्हात बसायचं, लोक काय म्हणतील. लोक काय म्हणतात ते साहेबांनी नुकतंच तीन तास सांगितलं होतं आणि त्यात वाईट काही नव्हतं, पण ते भाऊजींना ऐकू आलं नव्हतं. शब्दकोशात सेल्फ म्हणजे स्वतः असं दिलं आहे. भाऊजींच्या स्वतःमध्ये मात्र त्यांची आई, आईचा बोरा, आमची मालाची गाडी, त्यांच्या सासऱ्यांची जुनी टोपी, असं बरंच सामान होतं. ते सगळं नीट झाकलं की त्यांना स्वतःबद्दल आदर वाटणार होता. त्यांनी स्वतः काही करायचं आहे, असं त्या यादीत कुठं नव्हतं.

आईंनी ऐकून घेतलं आणि पुढच्या बाजाराला नेहमीसारख्या जाऊन बसल्या. त्याच्या पुढच्या बाजारालाही बसल्या. भाऊजी काही बोलले नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. भाऊजी गप्प असतात तेव्हा कुठंतरी काहीतरी छापायला गेलेलं असतं.

ते फेब्रुवारीच्या शेवटी आले, पेढे आणि निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन. संस्थेतर्फे महिला दिनाचा कार्यक्रम, सेलूला, बाजाराला लागून असलेल्या सभागृहात. प्रमुख पाहुण्या म्हणून कुठल्याशा महिला मंडळाच्या अध्यक्षा. आणि सत्कारमूर्ती, आई.

"शाल देतीन काय?" आईंनी पहिला प्रश्न विचारला.

"शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं."

आईंचा चेहरा उजळला. ते मी लपवणार नाही. गावातल्या पोलीस पाटलांच्या बायकोला दोन वर्षांपूर्वी शाल मिळाली होती आणि तेव्हापासून ती थंडी संपली तरी अंगावर घेऊन फिरते. आईंना ते सलत होतं.

मी पत्रिका हातात घेऊन मोठ्यानं वाचली. "कष्टकरी मातेचा हृद्य सत्कार व बाजारातून सेवानिवृत्ती सोहळा."

"थे शेवटचं काय म्हणलं?" आईंनी विचारलं.

"सेवानिवृत्ती. म्हणजे तुम्ही आता बाजारात बसणार नाही."

"कोण म्हणे?"

"पत्रिका म्हणे."

भाऊजींनी घसा खाकरला. "आई, सन्मानानं बाहेर पडायचं. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. हा डिग्निटीचा प्रश्न आहे."

म्हणजे दुसरा शब्दही आला होता. मी विचारलं, "भाऊजी, ज्याच्याबद्दल सत्कार करायचा तेच बंद करायचं असेल, तर सत्कार नेमका कशाचा?"

"वहिनी, तुम्हाला तो अँगल कळणार नाही. याला डिग्निटी ऑफ लेबर म्हणतात."

मला अँगल कळला होता. लेबर थांबलं की डिग्निटी सुरू. बोऱ्यावरची आई लपवायची आणि स्टेजवरची आई दाखवायची, आई तीच. आमच्या शाळेत चांगल्या खुर्च्या अशाच असतात, तपासणीच्या दिवशी बाहेर निघतात.

"पत्रिका कोणाकोणाला दिल्या?" मी विचारलं.

"सगळ्यांना. बाजारातही वाटल्या. आईच्या आजूबाजूच्या बायांना तर मी स्वतः दिल्या."

हे ऐकल्यावर मात्र आईंनी हातातला पेढा खाली ठेवला. कारण आजूबाजूची पहिली बाई म्हणजे मिरचीवाली. आईंच्या डाव्या हाताला तिची जागा. दोघी अर्धं आयुष्य शेजारी बसल्यात. एक पाणी प्यायला उठली की दुसरी तिचा माल पाहते. आणि मिरचीवालीच्या धाकट्या सुनेला बाजारात जागा हवी आहे, हा दोन वर्षांपासून तिचा एकच विषय आहे. ती पत्रिका म्हणजे तिला मागितलेलं मिळाल्यासारखं झालं होतं. वर कार्यक्रमाचा दिवस बाजाराचाच होता. हे भाऊजींच्या ध्यानातही आलं नव्हतं. ज्या बाजारावर त्यांच्या शाळेचे कपडे झाले, त्याचा वार ते विसरून गेले होते.

भाऊजी गेल्यावर मी आईंना म्हटलं, "नाही म्हणून कळवू का? अजून वेळ आहे."

"नाई काऊन? शाल सोडतो काय मी?" आई म्हणाल्या. "मी शाल घ्याले जातो. तू जागेवर बस."

"आणि सेवानिवृत्ती?"

"छापली त्यानं. मी अजून तोंड नाई उघडलं."

कार्यक्रमाच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. आदल्या संध्याकाळी सामान काढून ठेवलं: बोरा, ताडपत्री, तराजू, वजनं, सुटे पैसे, सांबारावर टाकायला ओलं फडकं. सकाळी ह्यांनी मला आणि टोपल्यांना बाजारात उतरवलं आणि नऊवारी नेसून बसलेल्या आईंना सभागृहात न्यायला परत घरी गेले.

मिरचीवाली आधीच येऊन बसली होती. शेजारी तिची सून, समोर झाकलेली टोपली. फडक्याखालून जांभळा देठ दिसत होता. वांगी. आईंच्या जागेवर बसून आईंचाच माल विकायची तयारी.

"आली काय वो मॅडम! आज तू कशी?"

"आईंचा सत्कार आहे ना."

"माहीत हाय. कारड आलं आमाले. आज सोडून राह्यली म्हणे काकी."

"कार्डावर आहे तसं. आई काही बोलल्या नाहीत."

"बोलन ना. भोंग्यावर बोलन." तिनं हनुवटीनं वर दाखवलं. सभागृहाच्या गच्चीवर दोन भोंगे होते आणि दोन्हींची तोंडं बाजाराकडे. बहुतेक भाऊजींनीच लावायला सांगितले असणार, म्हणजे शाखेची जाहिरातही झाली असती.

दुपारपर्यंत मी वांगी विकली. आमचे मुख्याध्यापक आले, मला पाहून एकदम उभे राहिले, मग घाईघाईनं विचारलं, "बरं आहे ना सगळं?" मी म्हटलं बरं आहे, किती देऊ. त्यांनी अर्धा किलो घेतली आणि भाव न करता गेले. आईंना हे कळलं असतं तर त्या मुख्याध्यापकांबद्दल फार चांगलं बोलल्या असत्या.

मग भोंगा सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाखेच्या योजना, पुन्हा स्वागत. बाजार आपल्या कामात होता. मग भाऊजींचा आवाज आला, आणि तो भरून आलेला होता.

"माझी माऊली! उन्हातान्हात त्या बोऱ्यावर बसली म्हणून आज मी या खुर्चीवर बसलोय. तिच्या घामाच्या प्रत्येक थेंबाला डिग्निटी आहे! त्या बाजाराच्या धुळीचा मला अभिमान आहे!"

पालक घेणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईनं मान वर केली. "कोण गेलं वो?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "सत्कार चालू आहे."

"मंग रडून काऊन राह्यला?"

भाऊजी पुढं म्हणाले, आई हीच त्यांची सेल्फ-रिस्पेक्टची शाळा आहे. फ्लॅटच्या जेवणात साहेबांनी आईंना ओळखलं होतं त्याबद्दलही बोलले, आणि त्या दिवशी आपली छाती किती फुगली होती ते सांगितलं. मी त्या स्वयंपाकघरात होते. छाती फुगलेली मी पाहिली नाही, पण मी मागं उभी होते. मग आवाज चढला. "आणि म्हणून मी आज या व्यासपीठावरून अभिमानानं जाहीर करतो की आजपासून माझी आई बाजारात बसणार नाही!"

भोंग्यातून टाळ्या आल्या. बाजारात टाळ्या नाही वाजल्या, पण माणसं थांबली. गूळवाल्यानं तराजू खाली ठेवला. पलीकडची लिंबूवाली उठून जवळ आली. मिरचीवालीच्या सुनेनं आपली टोपली उचलली आणि माझ्या बोऱ्याच्या कोपऱ्यावर टेकवली.

"थांबा," मी म्हटलं. "हा पोराचा आवाज होता."

"पोराचा काय, मायचा काय," मिरचीवाली म्हणाली. "स्टेजवर बसली हाय ना थे? नाई म्हणली काय?"

"हो तरी म्हटलं का?"

लिंबूवालीनं मान हलवली. "तिच्या तोंडून आयकू द्या बाप्पा. मंग सरका."

टोपली तिथंच राहिली. मी वरून शांत होते, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आईंना मी ओळखते. अंगावर नवी शाल, शेजारी अध्यक्षाबाई, समोर लोक उभे राहून टाळ्या वाजवणारे, मुलगा डोळे पुसणारा. अशा वेळी समोरच्यांना जे ऐकायचं असतं तेच माणूस बोलतं. त्यांनी नुसतं "झालं आता माहं" एवढं म्हटलं असतं, तरी साक्षीला अख्खा बाजार उभा होता. मग अंगणातली खाट आणि रस्त्यानं जाणारी माणसं, बस.

सूत्रसंचालकानं आजींना दोन शब्द बोलायची विनंती केली. माईक कोणाच्या तरी हातातून गेला, खरखरला, शीळ वाजली.

"हॅलो," आई म्हणाल्या. त्या फोनवरही असंच म्हणतात, समोरचा बहिरा असल्यासारखं. "शाल चांगली हाय. नारळबी पाण्याचा दिसते. पोरानं लय चांगलं केलं."

मिरचीवालीनं सुनेकडे पाहून हसून मान हलवली.

"पोरगा म्हणते मी बाजारात नाई बसत. त्याले तसं वाटते. मी काही म्हणलं नाई." आई थांबल्या. श्वास घेतल्याचा आवाज सगळ्या बाजाराला ऐकू आला. "ओ मिरचीवाले बाई! आयकून राह्यली ना? बोऱ्यावर काही ठेवलं असंल तं उचल. माही सून बसली हाय तिथं. मी हे जेवण झालं का येतोच."

गूळवाला हसता हसता गुळाच्या ढेपेवर टेकला. सुनेनं टोपली उचलली. आणि त्याच वेळी भोंग्यात पुन्हा भाऊजी आले. आमच्या ह्यांनी नंतर सांगितलं की त्यांनी आईंच्या हातातून माईक जवळजवळ ओढला.

"हाच!" भाऊजी ओरडले. "हाच तो सेल्फ-रिस्पेक्ट! हीच ती डिग्निटी, ज्याबद्दल मी बोलत होतो!"

टाळ्या आधीपेक्षा मोठ्या आल्या. मी भाऊजींवर इतकी वर्षं रागावते, पण त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटलं. बुडीत कर्ज दुसऱ्या खात्यात टाकून ताळेबंद चकचकीत कसा करायचा, हे त्या माणसाला झोपेतही येतं.

तासाभरानं आई आल्या. अंगावर शाल, हातात नारळ. मागून अध्यक्षाबाई, दोन-तीन बाया, फोटोवाला आणि सगळ्यांना वाट करून देत भाऊजी. मी उठले, आई बसल्या. पहिलं काम त्यांनी केलं ते वांगी मोजण्याचं नव्हे, तर डावीकडे वळून बघण्याचं.

मिरचीवालीनं पाठ फिरवली होती.

"काय वो?" आई म्हणाल्या.

मिरचीवाली मिरच्या निवडत राहिली.

"जेवाले बासुंदी होती. तुयासाठी आणाची होती, पण डबा नव्हता."

मिरचीवाली सुनेला उद्देशून म्हणाली, "सांग त्यायले, आमालेबी म्हणा सेल्फ-रिस्पेक्ट हाय. भर भोंग्यावर चोर ठरवलं आमाले."

बाजारातल्या लोकांना एवढा शब्द शिकायला एक सभा पुरली. मिरचीवालीचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पत्रिका तिच्या हातात कोणीतरी दिलीच होती.

अध्यक्षाबाई फोटोसाठी जागा शोधत होत्या, भाऊजी मानपत्र सरळ धरायला सांगत होते, आणि आई कोणाकडेच बघत नव्हत्या. त्यांच्या लक्षात आलं होतं ते माझ्याही आलं. जागा राहिली होती, पण शेजार गेला होता. जिच्याशी बोलायचं तीच पाठ करून बसली, तर पुढच्या बाजारापासून आई त्या बोऱ्यावर काय करणार? वांगी विकणार. नुसती वांगी तर हेही विकतात.

दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. आईंनी त्यांना शिव्याही दिल्या नाहीत. मग एकदम त्या म्हणाल्या, "तुया सुनेले बसव इकडं. माह्या अंगाले."

मिरचीवालीनं अर्धी मान वळवली.

"हातभर सरकतो मी. तिची जागा. पण वांगे नाई विकाचे तिनं."

"मंग काय विकंल थे? माती?"

"सांबार विक म्हणा."

"सांबार तं तू विकतं."

"नाई विकत आता. दिवसभर फडकं भिजवा लागते, हात दुखते माहा."

"तोंडानं म्हणून राह्यली ना? मंग उद्या पोरगा येईन, म्हणंल छापलं नाई."

"तोंडानं म्हणलं," आई म्हणाल्या आणि लिंबूवालीकडे पाहिलं. "आयकलं ना वो तू?"

"आयकलं," लिंबूवाली म्हणाली.

आईंनी बोऱ्याची कड धरून स्वतःकडे ओढली. इतक्या वर्षांत त्या बोऱ्याला अशी घडी पडलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी सोडलेल्या त्या हातभर जमिनीवर भाऊजी उभे होते, पॉलिश केलेल्या बुटात, फोटोवाल्याला कोन सांगत.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "आईनं जागा दिली? कोणाला विचारून?"

"त्यांचीच होती," मी म्हटलं. "पाय काढा. इथं आता सांबार बसणार आहे."

मिरचीवालीची सून टोपलीतली वांगी सासूच्या मिरच्यांमागं लपवून इकडं सरकली. मी तिला आमच्या सांबाराच्या जुड्या आणि ओलं फडकं देऊन टाकलं. मिरचीवालीनं विचारलं, बासुंदीत चारोळी होती की नाही. आईंनी सांगितलं की होती, पण बाजारची होती, आणि अध्यक्षाबाईंनी तीन वाट्या घेतल्या. अध्यक्षाबाई तिथंच उभ्या होत्या.

"बाबू, तू जरा तिकडं हट," आई भाऊजींना म्हणाल्या. "गिऱ्हाइकाले दिसून नाई राह्यलं."

फोटोवाल्यानं बटण दाबलं तेव्हा भाऊजी हटतच होते. फोटो चांगला आला. त्यात शाल पांघरलेल्या आई आहेत, काहीतरी सांगताना तोंड उघडं आहे. मिरचीवाली त्यांच्याकडे वाकून ऐकते आहे. मधे अंग चोरून तिची सून बसली आहे. वांगी आहेत, सांबार आहे. उजव्या कडेला भाऊजींचं फक्त कोपर आलं आहे. त्यांनी तो सगळ्या ग्रुपवर टाकला, खाली सेल्फ-रिस्पेक्ट असं लिहून. त्यांच्या साहेबांनी उलट विचारलं, कोपर कोणाचं आहे.